गरोदरपणात रात्री पाय शिवशिवतात? आधी उपायांचा क्रम नीट लावा

अंथरुणाला पाठ टेकली की पायांत काहीतरी वळवळायला लागतं. दुखणं म्हणावं तर दुखत नाही, पण पाय जागेवर ठेववतही नाहीत. हलवले की जरा बरं वाटतं, थांबवले की पुन्हा तेच. या त्रासाला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. साधारण पाचांतल्या एका गरोदर बाईला तो होतो, शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकींचा बाळंतपणानंतर काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत जातो.

"दिवस गेलेत म्हटल्यावर एवढं चालायचंच" असं म्हणून पुष्कळ जणी महिनोन्‌महिने जागून काढतात. ज्या उपाय करतात, त्यांतल्या बऱ्याच जणी शेवटाकडून सुरुवात करतात. मध्यरात्री मालिश होतं, मग शेक, मग येरझाऱ्या. रक्त तपासायचं सुचतं ते हे सगळं करून दमल्यावर. म्हणून इथला क्रम असा ठेवला आहे: आधी ओळख, मग औषधं आणि रक्त, मग दिवस, मग संध्याकाळ आणि सर्वांत शेवटी मध्यरात्र. तुमचा आत्ता सातवा-आठवा महिना असेल तर पहिले चार टप्पे याच आठवड्यात सुरू करा. लोहाची भर पडायला वेळ लागतो आणि तुमच्या हातात तो थोडाच आहे.

## टप्पा १ : हे नक्की तेच आहे का?

स्वतःला चार प्रश्न विचारा.

१. पाय हलवावेसे वाटतात का? नुसतं वाटत नाही, हलवल्याशिवाय राहवत नाही, असं होतं का?
२. बसल्यावर किंवा पडल्यावर त्रास सुरू होतो किंवा वाढतो का?
३. चालल्यावर, पाय ताणल्यावर निदान तेवढ्यापुरता तरी कमी होतो का?
४. संध्याकाळी आणि रात्री जास्त, सकाळी अगदी कमी, असं असतं का?

चारही उत्तरं "हो" असतील आणि या खुणा दुसऱ्या कशामुळे होत नसतील, तर हा त्रास रेस्टलेस लेग्जचाच असण्याची शक्यता मोठी. याचं निदान या वर्णनावरूनच होतं. त्याचा एक्स-रे किंवा स्कॅन नसतो. म्हणून डॉक्टरांना "पाय दुखतात" एवढंच सांगून येऊ नका. त्या दोन शब्दांवर बहुतेकदा कॅल्शियमची गोळी मिळते आणि मूळ गोष्ट तशीच राहते. "पडलं की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चाललं की थांबतं, सकाळी काही नसतं" असं सांगा. या एका वाक्यात निम्मं निदान आहे.

वरची "दुसऱ्या कशामुळे होत नसतील" ही अट मात्र हलकी घेऊ नका. गरोदरपणात पायांचे रात्रीचे बरेच त्रास एकमेकांसारखे दिसतात.

पायात गोळा येणं. पोटरी एकदम आवळते, हाताला दगडासारखी लागते, जीव कळवळतो. पाऊल स्वतःकडे ओढून पोटरी ताणली की काही क्षणांत किंवा मिनिटांत सुटते. शिवशिवणाऱ्या पायाची पोटरी मऊच असते. दोन्ही त्रास एकाच बाईला एकाच रात्री होऊ शकतात. तसं असेल तर दोन्ही वेगवेगळे सांगा.

नस दबणं. कमरेतून मांडीच्या मागून खाली उतरणारी कळ, किंवा दिवसरात्र सारखाच राहणारा बधिरपणा. याला संध्याकाळची वेळ लागत नाही.

तळहात-तळपायांची खाज. ही चूक सर्वांत जास्त सांभाळायला हवी. शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात आणि तळपाय खूप खाजत असतील, आणि खाज रात्री वाढत असेल, तर ते गरोदरपणातल्या यकृताच्या विकाराचं लक्षण असू शकतं. त्यात पित्तातले आम्ल पदार्थ रक्तात साठतात आणि बाळालाही धोका असतो. पाय खाजवावेसे वाटतात की हलवावेसे वाटतात, हा फरक शांतपणे तपासा. खाजवावेसे वाटत असतील तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

> लगेच दवाखाना गाठा: एकच पाय सुजला, तापला, लाल किंवा गडद दिसू लागला, पोटरी किंवा मांडी दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. गरोदरपणात हा धोका वाढलेला असतो. अशा पायाला मालिश अजिबात करू नका. त्यासोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर रुग्णवाहिका बोलवा. चेहरा किंवा हात अचानक सुजणं, थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली तीव्र दुखणं या रक्तदाब वाढल्याच्या खुणा असू शकतात. त्यांनाही त्याच वेळी दाखवायचं असतं.

## टप्पा २ : आठवडाभराची नोंद ठेवा

वही उशाशी ठेवा, पण लिहा सकाळी. रात्री घड्याळ बघून लिहायला बसलं की झोप आणखी उडते. रोज पाच गोष्टी पुरतात: त्रास कधी सुरू झाला, तेव्हा काय करत होता, किती वेळ चालला, कशाने कमी झाला, आणि त्या दिवशी दुपारनंतर काय काय घेतलं. यात चहा-कॉफीही आली आणि प्रत्येक गोळीही.

अशी एक नोंद बघा:

"बुधवार. साडेनऊला बसल्या बसल्या सुरू, दोन्ही पोटऱ्यांत. अकराला पडले तेव्हा वाढलं. दोनदा उठून चालले. एकच्या सुमारास थंड फडक्याने जरा थांबलं. साधारण तीनला झोप लागली. दुपारी चारला कॉफी. रात्री सर्दीची गोळी."

शेवटची दोन वाक्यं डॉक्टरांच्या सर्वांत कामाची आहेत, आणि नोंद नसली की नेमकी तीच सांगायची राहून जातात.

तपासून पाहा: शेजारी झोपणाऱ्या माणसाला दोन गोष्टी विचारा. झोपेत तुमचे पाय ठरावीक अंतराने झटके देतात का? आणि तुम्ही मोठ्याने घोरता का, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का? पहिली गोष्ट रेस्टलेस लेग्जच्या जोडीने बहुतेकदा आढळते. दुसरी वेगळी आहे, झोपेतल्या श्वासाची आहे, आणि तिची तपासणी वेगळी होते.

## टप्पा ३ : चालू असलेली औषधं समोर मांडा

हा टप्पा बहुतेक जणी गाळतात. मेंदूत हालचालीवर ताबा ठेवणारं डोपामिन नावाचं रसायन असतं. त्याचं काम अडवणाऱ्या किंवा सुस्ती आणणाऱ्या काही औषधांनी पाय जास्त शिवशिवतात. यांतली बरीच औषधं गरोदरपणात सर्रास दिली जातात, आणि आपल्या जागी ती योग्यही असतात.

- मळमळ-उलटीची औषधं: मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, प्रोमेथाझिन, आणि सकाळच्या मळमळीसाठी रात्री घेतली जाणारी डॉक्सिलॅमिनची गोळी.
- सर्दी, ॲलर्जी आणि झोपेची सुस्ती आणणारी औषधं: डायफेनहायड्रॅमिन, क्लोरफेनिरामिन. झोप लागावी म्हणून अशी गोळी घेतली आणि पाय आणखी पेटले, असं पुष्कळदा होतं.
- नैराश्यावरची बरीचशी औषधं.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून तपासणीला न्या. नावं आठवून सांगण्यापेक्षा हे बरं. मळमळीच्या गोळीबद्दल सरळ विचारा, "मला अजून ही लागते का? लागत असेल तर पाय न बिघडवणारा पर्याय आहे का?" कित्येकदा चौथ्या महिन्यात मळमळ थांबलेली असते आणि गोळी मात्र सवयीने सातव्या महिन्यापर्यंत चालू राहिलेली असते.

> सावध: नैराश्यावरचं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, निम्मंही करू नका. ते एकदम थांबवणं तुम्हाला आणि बाळाला शिवशिवणाऱ्या पायांपेक्षा जास्त महागात पडू शकतं. तो निर्णय औषध देणाऱ्या डॉक्टरांसोबतच घ्या.

## टप्पा ४ : हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिन बघा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

मेंदूला डोपामिन तयार करायला लोह लागतं. गरोदरपणात रक्त वाढतं, बाळ आणि वार दोघंही लोह घेतात, आणि शरीरातला साठा उतरणीला लागतो. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात आज वापरात असलेलं लोह. फेरिटिनवरून कोठारात किती शिल्लक आहे ते कळतं. कोठार जवळजवळ रिकामं झालं तरी हिमोग्लोबिन काही काळ चांगलं दिसू शकतं. म्हणून "माझं हिमोग्लोबिन साडेअकरा आहे, मला लोहाची कमतरता नाही" हा निष्कर्ष इथे चुकतो.

पुढची चूक रिपोर्ट वाचताना होते. फेरिटिनच्या आकड्यासमोर प्रयोगशाळा जी नेहमीची मर्यादा छापते, तिचा खालचा आकडा बऱ्याच ठिकाणी १० ते १५ च्या आसपास असतो. तुमचा आकडा २२ आला तर रिपोर्टवर कुठेही खूण दिसत नाही. रेस्टलेस लेग्जचं माप मात्र वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम अभ्यास गटाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गरोदर बाईला हा त्रास असेल आणि फेरिटिन ७५ पेक्षा कमी असेल, तर लोह देण्याचा विचार करावा. हा ७५ चा आकडा वहीत लिहून न्या. मायक्रोग्रॅम प्रति लिटर आणि नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही दोन्ही एककं एकाच मापाची आहेत. रिपोर्टवर कुठलंही असलं तरी आकडा तोच धरायचा.

तपासणीला जाताना:

१. ताप, जंतुसंसर्ग किंवा कुठे सूज-जळजळ असेल तर ते आधी सांगा. अशा वेळी फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं आणि कमतरता झाकली जाते.
२. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह आहे ते दाखवणारी तपासणी, तीही करायची का, हे विचारा. करायचं असेल तर रक्त सकाळी उपाशीपोटी देणं चांगलं. आदल्या दिवशी आयर्नची गोळी घ्यायची की नाही, तेही आधी विचारून घ्या.
३. रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेवा. "नॉर्मल आहे" एवढ्या उत्तरावर परत येऊ नका, आकडा विचारा.

> सावध: तपासणी न करता मनाने लोहाच्या जादा गोळ्या सुरू करू नका. थॅलेसेमियाच्या वाहक बायकांचं हिमोग्लोबिन लोह पुरेसं असूनही कमी दिसू शकतं. काहींच्या शरीरात मुळातच लोह जास्त साठतं. अशांना जादा लोहाने अपाय होतो.

## टप्पा ५ : लोहाची गोळी पोटात जाऊन उपयोगी पडेल अशी घ्या

बऱ्याच जणी म्हणतात, "गोळी तर मी केव्हापासूनच घेतेय." मग त्यांचा दिवस विचारला की कळतं, गोळी दुधासोबत जाते, किंवा जेवणानंतर कॅल्शियमच्या गोळीसोबत एकाच घोटात, वर चहा. अशा वेळी त्या लोहातलं फारच थोडं रक्तात उतरतं.

आधी पाकीट वाचा. गोळीवरचं वजन आणि तिच्यातलं प्रत्यक्ष लोह हे दोन वेगळे आकडे असतात. ३२५ मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये लोह असतं साधारण ६५ मिलिग्रॅम. दोन कंपन्यांच्या गोळ्यांची तुलना करायची ती नेहमी या दुसऱ्या आकड्याने. रोज किती आणि किती वेळा, हे तुमच्या फेरिटिनवरून डॉक्टर ठरवतील. काही जणींना दिवसाआड घ्यायला सांगतात, कारण एका मात्रेनंतर शरीर काही काळ लोह कमी शोषतं. तेव्हा दिवसाआड सांगितलं म्हणजे दुर्लक्ष केलं असं समजू नका.

मग वेळ ठरवा. पोट रिकामं असताना, म्हणजे खाण्याच्या तासभर आधी किंवा दोन तासांनंतर, पाण्यासोबत घ्या. क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, त्यामुळे सोबत लिंबाचं पाणी किंवा संत्र्याचा रस चालेल. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम आणि आम्लपित्ताची औषधं या सगळ्यांपासून किमान दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि लोह यांत चार तासांचं अंतर हवं. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी असेल, तर लोह दुपारी जेवणाआधी आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत, अशी मांडणी होऊ शकते. ती कागदावर लिहून औषधांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवा.

त्रास झाला तर गोळी सोडू नका, बदल मागा. शौचाला काळी होणं अपेक्षित आहे. बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि चोथ्याचे पदार्थ वाढवा, तरी हटत नसेल तर सांगा. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या. शोषण जरा कमी होईल, पण चार दिवसांत बंद केलेल्या गोळीपेक्षा ते केव्हाही बरं.

फरक पडायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत पाय शांत झाले नाहीत म्हणून गोळी फुकट गेली असं समजू नका. गोळी सोसत नसेल, पोटातून लोह चढत नसेल किंवा फेरिटिन ३० च्याही खाली असेल, तर शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. ते पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. नंतर देतात, तेही दवाखान्यात, देखरेखीखाली.

> सावध: घरात लहान मूल असेल तर लोहाच्या गोळ्या कुलपात ठेवा. थोड्या गोळ्यांनीही लहान मुलाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

## टप्पा ६ : दिवसा काय बदलायचं

इथे फार काही नाही, पण जे आहे ते रोज करायचं आहे.

डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नसेल तर आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं मध्यम चालीने चालणं किंवा पोहणं हे गरोदरपणासाठी ठरलेलं माप आहे. दिवसाला तीस मिनिटं, पाच दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, ती मध्यम चाल. रात्री उशिरा दमवणारा व्यायाम नको, त्याने काही जणींचे पाय उलट जास्त चाळवतात. एका दिवशी खूप आणि मग दोन दिवस काहीच नाही, हेही तसंच.

कॅफीनची गरोदरपणातली मर्यादा दिवसाला २०० मिलिग्रॅम आहे. एक मग झटपट कॉफीत साधारण १०० आणि एक मग चहात साधारण ७५ मिलिग्रॅम असतं. कोला आणि गडद चॉकलेटही हिशेबात धरा. पाय शिवशिवत असतील तर मर्यादेपर्यंत जाऊच नका: दुपारी बारानंतर कॅफीन पूर्ण बंद करून दोन आठवडे बघा. सिगारेट आणि दारू गरोदरपणात वर्ज्यच आहेत. पाय बिघडवण्यातही दोघींचा हात असतो.

बैठं काम असेल तर तासाला एकदा उठा. संध्याकाळचा लांबचा प्रवास टाळता आला तर टाळा. सकाळी पाय शांत असतात, तेव्हा प्रवास सोसतो. बसमध्ये, गाडीत, नाट्यगृहात कडेची जागा घ्या.

मॅग्नेशियमबद्दल खूप विचारलं जातं. या त्रासावर त्याचा पुरावा कच्चा आहे. डॉक्टरांनी दिलं तर घ्या, पण लोहाच्या तपासणीऐवजी मॅग्नेशियम हा मार्ग धरू नका. वेळ जातो.

## टप्पा ७ : झोपण्याआधीचे दोन तास

१. जेवण लवकर आणि बेताचं. जळजळीने उठावं लागलं की पायांना निमित्त मिळतं.
२. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाला.
३. पोटरी ताणा. भिंतीसमोर उभं राहा, दोन्ही हात भिंतीला. एक पाय मागे न्या, गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली. मग पुढचा गुडघा हळूहळू वाकवा. मागच्या पोटरीत ओढ जाणवली की तिथेच वीस-तीस सेकंद थांबा. झटके देऊ नका. प्रत्येक पायाला तीन वेळा. मागची टाच उचलली गेली तर ताण पोटरीत येतच नाही, आणि बहुतेक जणींचं तिथेच चुकतं. शेवटच्या महिन्यांत तोल जातो, म्हणून सरकणाऱ्या खुर्चीचा आधार घेऊ नका, भिंतच घ्या.
४. कोमट पाण्याने अंघोळ, किंवा पाय कोमट पाण्यात. अंग तापेल इतकं गरम पाणी नको.
५. नंतर घरातल्या कुणाकडून पोटऱ्या आणि तळपाय चेपून घ्या. हलकं गोंजारणं नको, त्याने वळवळ वाढते. दाब ठाम असावा, पण दुखेल इतका नाही.

झोपायचं कुशीवर. २८ आठवड्यांनंतर उताणं झोपणं टाळायचं, डावी कूस चांगली, उजवी चालते. गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. जाड पांघरुणाचा भार काहींच्या पायांना सोसत नाही, काहींना उलट तोच हवा असतो. दोन्ही करून बघा.

तपासून पाहा: खोलीपासून न्हाणीघरापर्यंतची वाट अंधारात चालून जाता येईल अशी मोकळी आहे का? सुटी पायपुसणी, चार्जरच्या वायरी, चपला बाजूला करा. एक मंद दिवा लावा. अर्धवट झोपेत येरझाऱ्या घालताना पडणं हा या सगळ्यातला खरा धोका आहे.

## टप्पा ८ : मध्यरात्री पाय सुरू झाले तर

पडल्या पडल्या पायांशी झुंजत राहणं ही इथली नेहमीची चूक. निश्चल राहण्याने हा त्रास वाढतो, त्यामुळे दम धरून तो हरत नाही. क्रम असा:

१. पडूनच दोन मिनिटं. घोट्यापासून पाऊल वर-खाली, मग गोल. नुसती बोटं ताणून पाऊल खाली रोखू नका, पोटरीत गोळा येतो.
२. थांबलं नाही तर उठा. आधी कुशीवर, मग हाताच्या आधाराने बसा, अर्धा मिनिट पाय सोडून बसून राहा, मग उभं राहा. एकदम उठलं की चक्कर येते.
३. पाच-दहा मिनिटं चाला, मंद उजेडात. मोठा दिवा नको.
४. थंड किंवा गरम. थंड पिशवी फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, किंवा तसाच सौम्य शेक. कोणाला काय लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. एक रात्र एकच वापरा, नाहीतर नोंदीत काही कळणार नाही.
५. डोकं गुंतवा. शब्दकोडं, विणकाम, हिशेब, जे काही लक्ष मागतं ते. मन गुंतलं की पायांचा तगादा खरोखर कमी होतो. मोबाइलवर नुसतं बोट सरकवत राहणं यात धरू नका. त्यात डोकं गुंतत नाही आणि उजेडाने झोप मात्र उडते.
६. डोळे जड झाले की मगच अंथरुणात.

या सगळ्यात घड्याळ बघू नका.

पहाटेनंतर बहुतेकींचे पाय शांत होतात. ज्यांना सकाळी वेळ काढता येतो त्यांनी तीच झोप पदरात पाडून घ्यावी: उशिरा झोपून उशिरा उठणं, किंवा सकाळी उशिरा एक डुलकी. यात आळस कसला? घरातल्यांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे सकाळी आठला कुणी हाक मारणार नाही. रात्र जागून काढली असेल त्या दिवशी गाडी चालवू नका.

## टप्पा ९ : तीन-चार आठवड्यांनी हिशेब मांडा

पुन्हा आठवडाभर नोंद ठेवा आणि पहिल्या नोंदीशेजारी ठेवून बघा. सगळं थांबलं का, हा प्रश्न विचारू नका. झोप किती वाढली आणि किती वेळा उठावं लागलं, हे बघा. सुधारणा असेल तर आहे तेच चालू ठेवा आणि फेरिटिन पुन्हा कधी तपासायचं ते विचारा.

फरक नसेल, आणि रात्रीमागून रात्र दोन-तीन तासांच्या झोपेवर निघत असेल, तर तसं स्पष्ट सांगा. फार तीव्र त्रासासाठी दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत डॉक्टर काही औषधं कमीत कमी मात्रेत वापरतात. ते तज्ज्ञाने तोलून घ्यायचे निर्णय असतात. एरवी या त्रासावर दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल किंवा गॅबापेन्टिन ही औषधं गरोदरपणात सुरक्षित आहेत असं म्हणायला पुरेसा आधार नाही. नात्यातल्या कुणाला त्यांचा गुण आला म्हणून त्यांची गोळी घेऊ नका. आणि दिवस जाण्याआधीपासून तुम्हीच यांतलं काही घेत असाल, तर गरोदर असल्याचं कळताच डॉक्टरांना सांगा.

जागरणाने मन खचतं. सतत रडू येणं, कशातच गोडी न वाटणं, जगणं नकोसं वाटणं, हे पायांच्या तक्रारीखाली दडवू नका. ते वेगळं सांगा, आणि शेवटचं असेल तर त्याच क्षणी कुणाला तरी जवळ बोलवून मदत घ्या.

## टप्पा १० : बाळंतपण आणि नंतर

फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या: रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम आहे. सिझेरियन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः सांगा. उलटी होऊ नये म्हणून त्या वेळी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोमेथाझिन देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, आणि आधी कळलं तर त्यांना दुसरं औषध निवडता येतं. मणक्यातल्या भुलीनंतरही काहींचे पाय जास्त शिवशिवतात. हालचाल करायला परवानगी कधी मिळेल ते विचारून ठेवा, आणि तोवर कुणाला तरी पाय चेपायला, घोटे हलवून द्यायला जवळ बसवा.

घरी आल्यावर लोहाच्या गोळ्या लगेच बंद करू नका. बाळंतपणात रक्त जातं आणि कोठार आणखी रिकामं होतं. गोळी कधी थांबवायची ते फेरिटिनचा आकडा बघून ठरवा. दीड महिन्यानंतरच्या तपासणीतही पाय रात्री चाळवत असतील तर फेरिटिन त्याच वेळी पुन्हा करून घ्या. अंगावर पाजत असाल तर औषध सुचवणाऱ्याला ते आवर्जून सांगा, कारण डोपामिनसारखं काम करणाऱ्या औषधांनी दूध कमी होतं.

एका गरोदरपणात हा त्रास झाला तर पुढच्या वेळी आणि पुढे आयुष्यातही तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पुढचं मूल हवं असं ठरलं की दिवस राहण्याआधीच फेरिटिन बघून घ्या. तेव्हा कोठार भरायला निवांत वेळ असतो.